तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं : इस्रोतला इंजिनिअर अध्यक्ष होतो कसा?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की इस्रोचे माजी अध्यक्ष एस. सोमनाथ हे काही बाहेरून आणून बसवलेले साहेब नव्हते, 1985 ला साधे इंजिनिअर म्हणून लागले आणि चढत चढत वर गेले. झालं! त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी गिझर, इन्व्हर्टर, मुलांचे सायन्स प्रोजेक्ट सगळं बाजूला ठेवलंय. आधीच सांगतो, मी इस्रोत कधीच नव्हतो. मी आयुष्यभर एका कारखान्यात क्वालिटीला होतो, वेल्डिंगचे एक्स-रे बघण्यात डोळे घालवले, त्यामुळे रॉकेटकडे बघायची माझी नजर पण तीच आहे, कुठे तडा जाईल ते आधी शोधायचं.

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला इस्रोच हवंय. तिचे बाबा म्हणतात सरकारी नोकरी, एकदा चिकटली की तीस वर्षं तेच टेबल, आणि वर जाणारे सगळे आयआयटीवाले नाहीतर ओळखीवाले. यात खरं किती? (एक आई, इस्लामपूर)

उत्तर : ताई, बाबांना सोमनाथांचीच गोष्ट वाचून दाखवा. केरळात आलप्पुळा जिल्ह्यातलं तुरवूर हे त्यांचं गाव, वडील शाळेत हिंदीचे मास्तर. इंजिनिअरिंग केलं कोल्लमच्या टीकेएम कॉलेजातून, मेकॅनिकलच, आयआयटी नाही. 1985 ला तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात लागले आणि पीएसएलव्ही या रॉकेटच्या कामाला जुंपले गेले. आज पीएसएलव्ही म्हटलं की आपण घरचीच गाडी असल्यासारखं बोलतो, पण तेव्हा ती अजून जमिनीवरच होती. पहिलं उड्डाण झालं 20 सप्टेंबर 1993 ला, आणि ते फसलं. म्हणजे बघा, पोरगा नोकरीला लागून आठ वर्षं झालीत आणि ज्या रॉकेटवर काम करतोय ते समुद्रात. दुसरं उड्डाण 15 ऑक्टोबर 1994 ला जमलं. तिच्या बाबांना एवढंच विचारा, की ही नऊ वर्षं टेबलाला चिकटलेला माणूस काढू शकला असता का?

आता टेबलाचं. सोमनाथांचं सुरुवातीचं मुख्य काम इंटिग्रेशनचं, म्हणजे जोडणीचं. हे काम नीट समजून घ्या कारण माझ्या मते पुढची सगळी चढण तिथनंच सुरू होते. रॉकेटचा एक टप्पा एक गट करतो, दुसरा टप्पा दुसरा, इलेक्ट्रॉनिक्स तिसरा, टप्पे वेगळे करणारी स्फोटकं चौथा, आणि प्रत्येकजण छातीठोक सांगतो की माझं काम फर्स्ट क्लास आहे. मग सगळं एकावर एक रचायला घेतलं की कळतं याची वायर त्याच्या ब्रॅकेटला घासतेय, याचं वजन दोन किलोने वाढलंय आणि त्याने ते कुणाला सांगितलेलंच नाहीये. लग्नघरात सगळ्यांची कामं चोख असतात तरी जेवणावळीला गोंधळ होतो, तसं. जोडणीवाल्याला सगळ्यांची भाषा शिकावी लागते, सगळ्यांशी भांडावं लागतं आणि संध्याकाळी त्यांच्याचबरोबर चहा प्यावा लागतो. मध्येच ते बंगलोरच्या आयआयएस्सीत जाऊन एरोस्पेसमध्ये मास्टर्स करून आले, गोल्ड मेडल घेऊन. 

2010 मध्ये त्यांच्याकडे जीएसएलव्ही मार्क-3 हे रॉकेट आलं प्रोजेक्ट डायरेक्टर म्हणून, ज्याला आता एलव्हीएम-3 म्हणतात. त्याचं पहिलं चाचणी उड्डाण 18 डिसेंबर 2014 ला झालं. त्यात वरचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारा टप्पा चालू नव्हता, नुसता वजनाला होता, पण टोकावर 3,775 किलोचं माणसं नेण्याच्या कुपीचं मॉडेल होतं आणि ते 126 किलोमीटरवरून पॅराशूटने अंदमानच्या बाजूला समुद्रात उतरवून परत आणलं. मग 2015 ला त्यांना द्रव इंधनाच्या केंद्राचं, एलपीएससीचं डायरेक्टर केलं. हे मला फार गमतीचं वाटतं. सांगाडा, कंपनं, जोडणी यातला माणूस, आणि त्याला नेऊन बसवलं इंजिनवाल्यांच्या घरात प्रमुख म्हणून. जावयाने सासुरवाडीचा कारभार बघायचा! पण तिथेच त्यांच्या काळात एलव्हीएम-3 चा क्रायोजेनिक टप्पा पुरा झाला आणि 5 जून 2017 ला जीसॅट-19 उपग्रह घेऊन उडाला. जानेवारी 2018 ला ते विक्रम साराभाई केंद्राचे डायरेक्टर झाले, म्हणजे जिथे पोरगेलेशा वयात लागले तिथेच प्रमुख, आणि जानेवारी 2022 ला इस्रोचे अध्यक्ष. 37 वर्षं. एक संस्था, पण टेबलं किती ते तुम्हीच मोजा.

आयआयटीचं म्हणाल तर त्यांच्या आधीचे अध्यक्ष के. शिवन कन्याकुमारी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले, शाळा तमिळ माध्यमात. आयआयटी त्यांच्याही आयुष्यात आली, पण 2006 मध्ये, आपल्या पवईला पीएचडी झाली तेव्हा, नोकरीत चोवीसेक वर्षं काढून. आणि चांद्रयान-3 चे प्रोजेक्ट डायरेक्टर वीरमुथुवेल यांनी तर सुरुवात विळुपुरमला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाने केली, वडील रेल्वेत टेक्निशियन. 

बाबांचं अर्धं म्हणणं मात्र खरं आहे, ते पण लिहितो. टेबलाला चिकटून राहायचं असेल तर तिथे राहता येतं. वैज्ञानिक-इंजिनिअरांचं प्रमोशन वरची खुर्ची रिकामी होण्यावर अवलंबून नसतं, ठरलेली वर्षं झाली की काम तपासतात, इंटरव्ह्यू घेतात आणि ग्रेड वाढवतात. त्यामुळे ग्रेड वाढत जातो पण मोठी जबाबदारी मिळेलच असं नाही, या दोन शिड्या वेगवेगळ्या आहेत. मुलगी लागली तर तिला सांगा, पहिल्या दहा वर्षांत ग्रेड मोजू नको, आपण किती गटांच्या कामात हात घातलाय ते मोज.

प्रश्न : जाहिरातीत सायंटिस्ट/इंजिनिअर ‘एससी’ असं लिहिलंय. म्हणजे सगळ्या जागा राखीव आहेत का? आमच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे. (एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : भांडण थांबवा! ते ग्रेडचं नाव आहे. नवीन बीई झालेला एससीवर लागतो, मूळ पगार 56,100, मग एसडी, एसई, एसएफ, एसजी असं वर जातं. आरक्षणाचा तक्ता जाहिरातीत वेगळा दिलेला असतो. जाहिरात पूर्ण वाचत जा रे बाबांनो, ग्रुपवर टाकायच्या आधी.

प्रश्न : काका, माझा प्रश्न सरळ आहे. रॉकेट पडलं की ज्याचं काम चुकलं त्या इंजिनिअरचं काय होतं? काढून टाकतात का? (बीई इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष, नांदेड)

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण कारखान्यात असताना मी उलटं बघितलंय. आमच्याकडे एकदा एक मोठा जॉब रिजेक्ट झाला आणि दुसऱ्या दिवशी पहिली मीटिंग कशावर, तर कुणी सही केली यावर. काय चुकलं यावर मीटिंग व्हायला आठवडा लागला, आणि तोपर्यंत ज्यांना खरं कारण माहीत होतं ते दोघंही गप्प बसायला शिकले होते.

तर तुला 1979 ची गोष्ट माहीत असेल, व्हॉट्सअपवर शंभरदा आली असेल. 10 ऑगस्टला एसएलव्ही-3 हे रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, मिशन डायरेक्टर अब्दुल कलाम होते, आणि पत्रकारांसमोर बसले अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयश संस्थेचं म्हणून अंगावर घेतलं. 18 जुलै 1980 ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा धवन म्हणाले आता तुम्ही बोला. गोष्ट खरी आहे, कलामांनीच सांगितलेली. फक्त लोक ती मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगतात आणि मला ती कामाची पद्धत म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. वरच्याने मार खाल्ला म्हणून खालच्यांना खरं बोलता आलं, की बाबा दुसऱ्या टप्प्याच्या कंट्रोल सिस्टीममधनं गळती झाली. आणि खरं बोलता आलं म्हणून अकरा महिन्यांत दुरुस्त झालं.

आता सोमनाथांच्या काळातलं बघ. अध्यक्ष होऊन सात महिने झालेत, 7 ऑगस्ट 2022, नवीन छोटं रॉकेट एसएसएलव्ही पहिल्यांदा उडालं. तिन्ही टप्पे व्यवस्थित जळले, सगळे खूश, आणि उपग्रह 356 किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी 356 बाय 76 च्या लंबुळक्या कक्षेत गेले, म्हणजे परत खाली येणार हे नक्की. त्याच दिवशी सोमनाथ स्वतः व्हिडिओवर येऊन सांगून गेले की असं असं झालं, कमिटी बसवतोय, सुधारून परत उडवू. कारण काय निघालं माहितीये? दुसरा टप्पा सुटताना एक हादरा बसला, अगदी क्षणभर, त्यात वेगातला बदल मोजणारे सगळे ॲक्सिलरोमीटर एकदम त्यांच्या मापाबाहेर गेले आणि रॉकेटच्या कॉम्प्युटरला वाटलं सेन्सर मेले. सेन्सर जिवंत होते! पण कॉम्प्युटरने त्यांना बाजूला ठेवलं आणि ठरलेल्या वेळापत्रकाने आंधळी गाडी हाकली, वेग थोडा कमी पडला, खेळ खलास. मग टप्पा सुटायची यंत्रणा बदलली, आणि सेन्सर मेला असं ठरवायच्या आधी जरा जास्त वेळ थांब असं कॉम्प्युटरला शिकवलं, आणि 10 फेब्रुवारी 2023 ला तेच रॉकेट नीट गेलं. हे कारण त्यांनी लोकांसमोर ठेवलं म्हणूनच आज मी तुला सांगू शकतोय.

चांद्रयानाचं पण असंच, फक्त मोठं. सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 चा विक्रम लँडर आपटला, शिवन यांचा तो डोळे पुसतानाचा फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे. पण नंतर काय झालं ते थोड्यांना माहीत आहे. सोमनाथांनी 2023 च्या उड्डाणाआधी जाहीरपणे सांगितलं की इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, त्या सुधारायला यान भराभर वळायला हवं होतं पण सॉफ्टवेअरने वळायच्या वेगाला मर्यादा घातली होती, आणि उतरायची जागा होती फक्त 500 बाय 500 मीटर, तिथेच पोचायचं म्हणून ते धावत सुटलं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय, की आधीचं डिझाइन सगळं नीट होईल असं धरून होतं, या वेळी काय काय बिघडेल असं धरून केलंय. सेन्सर बिघडला तर, इंजिन बिघडलं तर, हिशोब चुकला तर. म्हणून जागा 4 किलोमीटर बाय 2.5 किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, वेग मोजणारं नवीन लेझरचं यंत्र बसवलं. हेलिकॉप्टरला टांगून, क्रेनला टांगून चाचण्या घेतल्या. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी सहा वाजता काय झालं ते तू बघितलंच असशील. 

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे म्हणायला हवी. चांद्रयान-3 चं काम सुरू झालं शिवन यांच्या काळात. सोमनाथ अध्यक्ष झाले 2022 ला. पेरलं एकाने, राखण केली दुसऱ्याने, आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात पडला.

प्रश्न : बहुतेक अध्यक्ष दक्षिणेतले. मराठी माणूस तिथे कधी वर गेलाच नाही, की जाऊ दिला नाही? (निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, तुम्ही पुण्यात राहता आणि हा प्रश्न विचारता म्हणून जरा हक्काने बोलतो. वसंत गोवारीकर तुमच्याच गावचे, तुमच्याच पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते 1995 ते 98. आपण त्यांना मान्सूनच्या अंदाजाचे गोवारीकर म्हणून ओळखतो, ते 1988 चं सोळा घटकांचं मॉडेल. पण त्याआधी ते रॉकेटवाले होते! केमिकल इंजिनिअर, इंग्लंडात बर्मिंगहॅमला डॉक्टरेट केली, तिकडचं काम सोडून 1967 मध्ये केरळातल्या तुंब्याच्या रॉकेट तळावर आले, जेव्हा तिथे चर्चच्या इमारतीत ऑफिस होतं. घन इंधन हा त्यांचा विषय. रबरासारखं पॉलिमर आणि त्यात ऑक्सिजन देणारं मीठ नि ॲल्युमिनियमची पूड कालवून भरायची आणि ते एकही भेग न पडता घट्ट बसायला हवं, एक भेग म्हणजे स्फोट. 1979 ते 85 ते विक्रम साराभाई केंद्राचे डायरेक्टर होते, म्हणजे जुलै 1980 ला एसएलव्ही-3 उडालं तेव्हा केंद्राच्या खुर्चीत पुण्याचा माणूस होता, आणि त्या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे. पुढे दिल्लीत विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव. जानेवारी 2015 ला पुण्यातच गेले.

प्रमोद काळे पण जन्माने पुण्याचे, वाढले बडोद्याला, साराभाईंच्या अगदी पहिल्या तुकडीतले, तुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 ला पहिलं रॉकेट उडालं तेव्हापासूनचे. पुढे अहमदाबादच्या केंद्राचे आणि मग तिरुवनंतपुरमच्या केंद्राचे डायरेक्टर.

अध्यक्ष मराठी झाला नाही, बरोबर आहे. पण रॉकेटचे घन इंधनाचे मोठे नळकांडे वालचंदनगरला, इंदापूर तालुक्यात उसाच्या फडाशेजारी तयार होतात आणि विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये. तिथल्या वेल्डरचं आडनाव विचारायला आपण कधी जात नाही.

प्रश्न : अजून एकही बाई अध्यक्ष का नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही, हे खरंच आहे, आणि त्याला गोड उत्तर देत नाही. प्रोजेक्ट डायरेक्टर पातळीवर बायका आहेत, चांद्रयान-2 ला एम. वनिता, सूर्याच्या अभ्यासाच्या आदित्य एल-1 ला निगार शाजी, त्या तेनकाशीच्या आणि इस्रोत 1987 ला लागलेल्या. तिथनं पुढे केंद्राचं डायरेक्टरपद आणि मग अध्यक्षपद असा रस्ता असतो, वर सोमनाथांचा बघितलात तसा. सोहळ्याच्या फोटोत गजरा घातलेल्या शास्त्रज्ञ दाखवून हा प्रश्न संपत नाही.

प्रश्न : मी हिंजवडीला आहे, मॅनेजर झालो आणि कोड लिहायचं पूर्ण सुटलं, आता फक्त एक्सेल आणि कॉल. हे इस्रोवाले वर गेल्यावर इंजिनिअरिंग सोडतात का? एमबीए करतात का? (आयटीवाला, पुणे)

उत्तर : तुमचं दुःख कळतं. अध्यक्ष म्हणजे अंतराळ खात्याचा सचिव पण तोच आणि अंतराळ आयोगाचा अध्यक्ष पण तोच, त्यामुळे दिल्लीच्या फायली, बजेट, खाजगी कंपन्यांना दार उघडायचं धोरण, हे सगळं येतंच. एक्सेल त्यांनाही चुकलेलं नाही. पण रिव्ह्यू सुटत नाहीत. प्रत्येक उड्डाणाआधी मिशन रेडिनेस रिव्ह्यू होतो, मग उड्डाणाला परवानगी देणारं लाँच ऑथरायझेशन बोर्ड बसतं, आणि तिथे एखादा तरुण इंजिनिअर एक आलेख दाखवतो ज्यात एक छोटासा वेडावाकडा उंचवटा असतो. तो उंचवटा वाचता येणारा माणूस वर बसलेला नसेल तर कितीही एमबीए करा, काही उपयोग नाही. सोमनाथांनी जुलै 2024 ला आयआयटी मद्रासची पीएचडी घेतली, अध्यक्ष असताना, साठी ओलांडल्यावर, विषय काय तर कंपनं. त्यांच्यानंतर जानेवारी 2025 ला आलेले व्ही. नारायणन हे 1984 पासून इस्रोत, क्रायोजेनिकवाले. तुम्ही आठवड्यातनं एक दिवस कुणाचा तरी कोड बसून वाचा, लिहू नका हवं तर, नुसता वाचा. पोरं आधी घाबरतील, मग तुम्हाला प्रश्न विचारायला लागतील.

प्रश्न : काका, माझा सीजीपीए 6.7 आहे, दोन सेमिस्टर बाकी. इस्रोचं स्वप्न संपलं का? (मेकॅनिकल, सांगली)

उत्तर : त्यांच्या जाहिरातीत फर्स्ट क्लास आणि 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए मागतात, आणि त्यात कुणी सूट देत नाही. तुला 0.14 वर न्यायचाय आणि दोन सेमिस्टर आहेत, तर आधी वही काढ आणि शेवटच्या दोन्ही सेमिस्टरला किती लागतील ते मोज, स्वप्नाचं नंतर बघू. आधी परीक्षा, मग इंटरव्ह्यू, आणि इंटरव्ह्यूला ते बेसिकच विचारतात, बीम, उष्णता, कंपन, तुझ्या स्वतःच्या प्रोजेक्टमधलं का आणि कसं. प्रोजेक्ट विकत घेऊ नकोस. डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये असेल तर टेक्निकल असिस्टंटच्या जागा पण निघतात, त्याही बघ. आणि काहीच जमलं नाही तर वालचंदनगर तुझ्यापासून काही फार लांब नाही.